साध्या वस्तूंमागची साधना



सकाळच्या वेळी मध्यमवर्गीय घरात डोकावले तर काय दिसते? कर्ता पुरुष आरशासमोर उभा राहून पाच मिनिटांत दाढी उरकतो. मुले दप्तराची चेन ओढतात आणि शाळेला पळतात. पावसाळ्याचे दिवस असतील तर रस्त्यावरच्या मोटारीच्या काचेवर वायपर डावी-उजवीकडे झुलत असतो. दुपारी शेजारच्या घरातून व्हॅक्युम क्लीनरची घरघर ऐकू येते. या चारही वस्तू इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्या एके काळी नव्हत्या, हा विचारच मनाला शिवत नाही.

विमानाचा इतिहास पाठ्यपुस्तकात येतो. रेडिओचा येतो, वाफेच्या इंजिनाचा येतो. दप्तराच्या चेनचा इतिहास मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक या चारही वस्तूंची आजची रूपे ज्या पेटंटांशी जोडलेली आहेत, ती १९०३ ते १९१७ या अवघ्या चौदा वर्षांतील आहेत. त्यांचे जनक कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हते. एक फिरता विक्रेता होता, एक घरबांधणीच्या व्यवसायात असलेली स्त्री होती, एक दुकानाची झाडलोट करणारा वृद्ध कामगार होता आणि एक विरह सोसणारा तरुण अभियंता होता. त्याच सुमारास मुंबईत जन्मलेला एक मराठी माणूसही लंडनमध्ये याच उद्योगात रात्रीचा दिवस करीत होता. या सर्वांच्या कथा एकत्र वाचल्या की, कल्पना सुचणे आणि ती जगाच्या हाती पडणे यांत केवढे अंतर असते, याचा उलगडा होतो.

पेटंट म्हणजे उघडे पत्र

‘पेटंट’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो हळदीमुळे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून सादर करण्यात आले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या लढ्याने भारतीयांना जाग आली खरी. परंतु त्याचबरोबर पेटंट म्हणजे कुणीतरी केलेली चोरी किंवा कुलूपबंद गुपित, अशी एक समजूतही रुजली. ती दुरुस्त करून घेणे आवश्यक आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘उघडे पत्र’ असा आहे. मोहोर न फोडता कोणालाही वाचता येईल असे राजाचे आज्ञापत्र म्हणजे पेटंट. संशोधकाने आपली युक्ती आकृत्यांसह, कारागिराला समजेल अशा भाषेत लिहून द्यावयाची आणि त्याच्या मोबदल्यात समाजाने त्याला ठरावीक वर्षे त्या युक्तीवर एकाधिकार द्यावयाचा, असा हा करार आहे. मुदत संपली की ती विद्या सर्वांची होते. अमेरिकेत त्या काळी ही मुदत पेटंट मिळाल्यापासून सतरा वर्षांची होती. भारतात आज ती अर्ज केल्यापासून वीस वर्षांची आहे.

आपल्याकडेही ही व्यवस्था नवी नाही. भारतातील पहिला पेटंट कायदा १८५६ मध्ये झाला आणि त्या कायद्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी केला. तो कशासाठी होता? छताला टांगलेला पंखा अधिक सुलभतेने ओढण्याच्या यंत्रासाठी! म्हणजे भारतातील पेटंटचा श्रीगणेशाच मुळी एका घरगुती यांत्रिक वस्तूने झाला.

वस्तऱ्याला पर्याय

किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतील फिरता विक्रेता. बाटलीचे पत्र्याचे झाकण बनविणाऱ्या कंपनीचा माल तो गावोगाव खपवीत असे. या झाकणाचे जनक विल्यम पेंटर यांनी त्याला एक कानमंत्र दिला होता. एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी वस्तू शोध. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा तुझ्याकडे येईल, असा त्या सल्ल्याचा आशय होता. जिलेटने तो मनात धरून ठेवला.

त्या काळी दाढी म्हणजे वस्तऱ्याचा कारभार. वस्तरा जाड पोलादाचा. रोज चामड्याच्या पट्ट्यावर त्याला परजावे लागे, अधूनमधून धार लावून घ्यावी लागे आणि हात जरा थरथरला की गालावर रक्ताची रेघ उमटे. १८९५ मध्ये एके सकाळी बोथट वस्तरा हातात घेऊन आरशासमोर उभ्या असलेल्या जिलेटच्या डोक्यात विचार चमकला. कापण्याचे काम तर केवळ धार करते; मग मागचे एवढे जाड पोलाद कशासाठी? पातळ पत्र्याच्या पात्याला दोन्ही कडांवर धार लावली, ते दोन पट्ट्यांमध्ये घट्ट धरले, खाली त्वचेला सांभाळणारी कड ठेवली आणि पाते बोथट झाले की फेकून दिले, तर?

कल्पना क्षणात सुचली. पाते बनायला मात्र सहा-सात वर्षे लागली. कागदाइतक्या पातळ पोलादाला कठीण करायला जावे, तर भट्टीतून काढून थंड करताना ते वेडेवाकडे होई. जाणकारांनी हे होणे नाही असे सांगितले. जिलेट धातुशास्त्र शिकलेला नव्हता आणि नंतर विनोदाने तो म्हणे की, ते शिकलो असतो तर हा नाद केव्हाच सोडला असता. अखेर विल्यम निकरसन नावाचा, मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रसंस्थेत शिकलेला अभियंता त्याला भेटला. पाती न वाकवता कठीण करण्याची आणि त्यांना यंत्राने धार लावण्याची पद्धत निकरसनने बसविली. १९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९०३ हे विक्रीचे पहिले वर्ष. त्या वर्षी किती रेझर खपले? एक्कावन्न! आणि पाती १६८. दुसऱ्याच वर्षी रेझरची विक्री नव्वद हजारांवर गेली आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंटही हाती आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले, तेव्हा ही वस्तू जगभर पसरली.

या कथेत जिलेटचे नाव अमर झाले. पात्यांच्या पाकिटावर त्याचे चित्र झळकत राहिले. निकरसनचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही. वास्तविक निकरसन भेटला नसता, तर जिलेटची कल्पना आरशासमोरच विरून गेली असती.

काळाच्या आधी पोहोचलेली स्त्री

दुसरी कथा अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन यांची. हिवाळ्यात त्या न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्राममधून प्रवास करताना बर्फ भुरभुरत होता. समोरच्या काचेवर बर्फ साचला की चालकाला काही दिसेना. बिचारा काच उघडी ठेवून, बोचरे वारे तोंडावर घेत ट्राम हाकीत होता. ट्राममधील सर्वांना हे दिसत होते. सर्वांनी कुरकुर केली असेल आणि आपापल्या थांब्यावर उतरून गेले असतील. अँडरसनबाईंनी मात्र घरी परतून आराखडा काढला.

त्यांची युक्ती अगदी साधी होती. काचेच्या आतील बाजूस, चालकाच्या हाताशी एक दांडा. तो फिरवला की बाहेरच्या बाजूचा रबरी पट्टीचा हात काचेवरून सरकेल आणि बर्फ वा पाणी पुसून काढील. पट्टी काचेला चिकटून राहावी म्हणून ताण ठेवण्याची सोय होती आणि हवा स्वच्छ असेल तेव्हा सारा सरंजाम काढून ठेवता येत असे. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

पुढे काय झाले? १९०५ मध्ये त्यांनी कॅनडातील एका व्यापारी पेढीला हे हक्क विकत घेण्याविषयी लिहिले. या वस्तूला विकण्याजोगे व्यापारी मूल्य नाही, अशा आशयाचे उत्तर आले. आज त्या उत्तराचे हसू येते. पण त्या वेळचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. फोर्डची मोटार कंपनी १९०३ मध्येच स्थापन झाली होती आणि सामान्य माणसाला परवडणारी त्याची ‘मॉडेल टी’ यायला १९०८ साल उजाडावे लागले. मोटारीच अपवादाने दिसत होत्या, तिथे त्यांच्या काचा पुसण्याच्या साधनाची मातब्बरी कोणाला वाटणार? १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. १९२२ मध्ये कॅडिलॅकने आपल्या मोटारींवर वायपर मुळातूनच बसवून द्यायला आरंभ केला आणि मग ती सर्वांचीच रीत झाली. अँडरसनबाईंना एक पैसाही मिळाला नाही. १९५३ मध्ये वयाच्या ८७व्या वर्षी त्या निवर्तल्या, तेव्हा रस्त्यावरची प्रत्येक मोटार त्यांची कल्पना काचेवर मिरवीत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान-सूचीत त्यांचे नाव कोरले गेले ते २०११ मध्ये.

शिकागोच्या प्रदर्शनातून दप्तरापर्यंत

तिसरी कथा सर्वांत लांब आणि सर्वांत बोधप्रद आहे. ती चेनची.

१८९३ चे शिकागोचे विश्व-प्रदर्शन आपल्याला स्मरते ते स्वामी विवेकानंदांमुळे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत ११ सप्टेंबर रोजी त्यांचे पहिले भाषण झाले. त्याच्या अवघे तेरा दिवस आधी, २९ ऑगस्ट रोजी, शिकागोच्याच व्हिटकॉम्ब जडसन यांना बुटाचे बंद झटक्यात लावण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले होते आणि त्याच प्रदर्शनात त्यांनी आपली वस्तू मांडली होती. लोक पाहून पुढे जात. आकडे आणि फासे यांची ती माळ होती. सरकता तुकडा ओढला की आकडे फाशांत अडकत. दोष एवढाच की, ते भलत्या वेळी निसटत आणि अडकले की सुटता सुटत नसत.

ही वस्तू पाहून एक मनुष्य मात्र तिच्या प्रेमातच पडला. त्यांचे नाव कर्नल लुईस वॉकर, व्यवसायाने वकील. जडसन यांच्या वस्तूसाठी त्यांनी भांडवल उभे केले. वर्षे गेली, कंपनीचे नाव बदलले, गाव बदलले, कर्ज वाढले. वॉकर मागे हटले नाहीत. १९०६ मध्ये त्यांच्या कंपनीत गिडियन सुंडबॅक हा स्वीडनमध्ये जन्मलेला, जर्मनीत शिकलेला तरुण अभियंता रुजू झाला. कारखान्यातील एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. संसाराला दोन वर्षे होतात न होतात तोच १९११ मध्ये, बाळंतपणानंतर, पत्नी एल्व्हिरा निवर्तली. दुःखात बुडालेल्या सुंडबॅकने स्वतःला कामात गाडून घेतले.

पहिला प्रयत्न फसला. कापडी पट्टी लवकर झिजे. त्याने तो निमूटपणे बाजूला ठेवला आणि मूळ प्रश्नाकडे पुन्हा नव्याने पाहिले. आकडा आणि फासा ही जोडीच टाकून दिली. १९१३ च्या अखेरीस त्याच्या हाती जे आले ते आजचीच चेन होय. दप्तराची चेन जवळ धरून निरखून पाहावी. दोन पट्ट्यांवर अगदी सारखे दात असतात. प्रत्येक दाताच्या एका अंगाला बारीकसा उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा. एका दाताचा उंचवटा समोरच्या दाताच्या खळग्यात बसतो आणि वर-खालच्या दातांमुळे तो तिथून हलू शकत नाही. सरकणाऱ्या तुकड्याच्या पोटात इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची वाट असते. वर ओढले की दोन्ही रांगा किंचित तिरप्या होऊन एकमेकींत शिरतात. खाली ओढले की मधली पाचर त्यांना विलग करते. जुन्या वस्तूत इंचाला चार जोड होते. सुंडबॅकने दहा-अकरा केले. त्यामुळे ओढ सर्व दातांत वाटली गेली आणि निसटणे थांबले.

तरीही काम संपले नव्हते. दात हाताने बसवावयाचे म्हटले तर चेन सोन्याच्या भावाने विकावी लागली असती. म्हणून सुंडबॅकने चेन बनविणारे यंत्रही स्वतःच रचले. ते धातूच्या तारेतून दात कापी, त्यांना उंचवटा-खळगा देई आणि लगेच कापडी पट्टीवर आवळून बसवी. पहिल्याच वर्षात दिवसाला काहीशे फूट चेन निघू लागली. २० मार्च १९१७ रोजी पेटंट मिळाले. महायुद्धात अमेरिकी खलाशांच्या गणवेशाला पुरेसे खिसे नव्हते. त्यांच्यासाठी चेनचे कमरपट्टे निघाले आणि ते हातोहात खपले. १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांना चेन लावली आणि तिच्या आवाजावरून ‘झिपर’ हे नाव रूढ केले. कपड्यांत ती सर्रास दिसू लागली त्यानंतर आणखी दहा-बारा वर्षांनी.

हिशेब करावा. १८९३ ते १९१७ ही चोवीस वर्षे. एका माणसाला कल्पना सुचली, दुसऱ्याने ती सिद्धीस नेली आणि तिसरा, ज्याने काहीच शोधले नव्हते, तो सर्व काळ पाठीशी उभा राहिला. जडसन १९०९ मध्ये वारले. आपली वस्तू जगभर जाणार आहे, हे त्यांना दिसले नाही. वॉकर यांना दिसले.

झाडूवाल्याचा खोकला

चौथी कथा थोडक्यात. १९०१ मध्ये लंडनचे अभियंते ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी हवा ओढून धूळ काढण्याचे यंत्र केले. त्याआधी धूळ हवेने फुंकून उडविण्याचे प्रयोग होत. बूथ यांनी उलटा विचार केला. उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून त्यांनी तोंडाने हवा ओढली आणि रुमालावर उमटलेला धुळीचा डाग पाहिला. तोच त्यांचा पहिला प्रयोग! पण त्यांचे यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत.

ते घरात आणले अमेरिकेतील ओहायो राज्यातील जेम्स मरे स्पँगलर यांनी. साठीच्या उंबरठ्यावरील हा गृहस्थ एका मोठ्या दुकानात झाडलोट करी. त्याला दम्याचा विकार होता आणि गालिचा झाडताना उडणारी धूळ त्याचा जीव घेत असे. पंख्याची विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठविण्यासाठी उशीचा अभ्रा, एवढ्या सामग्रीतून त्याने १९०७ मध्ये यंत्र जुळवले. २ जून १९०८ रोजी पेटंट मिळाले. खिशात मात्र दमडी नव्हती. हूवर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने हक्क घेतले. मोटारी आल्यामुळे घोड्यांच्या सामानाचा आपला धंदा बुडणार, हे त्याने ओळखले होते. पुढे इंग्लंडमध्ये यंत्रालाच ‘हूवर’ म्हणू लागले. १९१५ मध्ये वारलेल्या स्पँगलरची आठवण मात्र गालिचावरच्या धुळीप्रमाणे पुसली गेली.

मुंबईचा शंकर आबाजी

आता वळावयाचे ते आपल्या माणसाकडे. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून यंत्रांचे वेड. १८९०च्या दशकात त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमी मंडळींचा मेळावा जमविला आणि ‘विविध कला प्रकाश’ या मासिकातून सोप्या मराठीत विज्ञान समजावून दिले. दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. भिसे यांनी मुंबईत बसून वाण्याच्या दुकानासाठी एका यंत्राची रचना पाठवली. पीठ, साखर अशा सुट्या मालाचे आपोआप वजन होऊन तो गिऱ्हाइकाला मिळावा, अशी ती योजना होती. इंग्लंडमधील स्पर्धकांना मागे टाकून पारितोषिक भिसे यांनी पटकावले. जिलेट दाढीच्या पात्याशी झगडत होता, त्याच वर्षांतील ही घटना आहे.

ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांना आधार दिला. दिवे, स्वयंपाकघरातील साधने अशा कितीतरी नित्योपयोगी वस्तूंवर त्यांचे काम चाले. पण त्यांचा ध्यास होता मुद्रणयंत्राचा. जुन्या छापखान्यांत वावरलेल्यांना खिळे जुळविण्याचे काम आठवत असेल. प्रत्येक अक्षराचा एकेक खिळा वितळलेल्या शिशाच्या मिश्रधातूतून ओतावा लागे. धातू साच्यात थंड होईपर्यंत यंत्राला थांबावे लागे आणि तिथेच वेग अडे. त्या क्षेत्रात लायनोटाइप आणि मोनोटाइप या दोन बलाढ्य पाश्चात्त्य कंपन्यांचे साम्राज्य होते. भिसे यांनी एका वेळी अनेक खिळे ओतणारे यंत्र रचले. ते ‘भिसोटाइप’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

यंत्र सिद्ध झाले, भांडवल आटले. १९०८ च्या अखेरीस भिसे खिन्न मनाने भारतात परत निघाले. बोटीवर त्यांना गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखले यांनी या माणसाचे मोल ओळखले आणि रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. टाटांच्या साहाय्याने १९१०च्या सुमारास संशोधनासाठी संयुक्त मंडळ स्थापन झाले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. पण महायुद्ध पेटले, अडचणी वाढल्या आणि तो प्रयत्नही थांबला. पुढे भिसे न्यूयॉर्कला गेले. तेथे यंत्रासाठी कंपनी निघाली, आयोडिनयुक्त औषध निघाले, मानसन्मान मिळाले. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीस पेटंटे सांगितली जातात. अमेरिकेतील लोक त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणत. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. आज मुंबईत त्यांचे नाव किती मुलांना ठाऊक असेल?

भिसे यांना आधार मिळाला नाही, असे म्हणता येणार नाही. दादाभाई, गोखले, टाटा ही नावे लहान नाहीत. परंतु हा आधार तुटक तुटक मिळाला. चोवीस वर्षे पाठीशी उभा राहणारा कर्नल वॉकर त्यांना लाभला नाही आणि ज्या कारखान्यात यंत्र रोज चालून त्याच्या खोडी कळाव्यात, असा कारखाना तेव्हाच्या भारतात त्यांच्यासाठी नव्हता.

याच काळातील दुसरे उदाहरण मात्र वेगळे वळण दाखविते. भिसे यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती; नांगर धूळ खात पडून राहिले. लक्ष्मणराव शेतकऱ्यांचे आक्षेप ऐकत राहिले आणि नांगर सुधारीत राहिले. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील माळरान त्यांना देऊ केले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्रे किर्लोस्करांची खरी. पण त्या माळावर ज्याने विश्वास पेरला, तो राजाही त्या यशाचा वाटेकरी आहे.

घरापासून आरंभ

या साऱ्या कथांचे सार काय? पहिली गोष्ट अशी की, अडचण सर्वांनाच दिसते. तिच्याशी तडजोड करण्याची सवयही सर्वांनाच असते. न्यूयॉर्कच्या ट्राममधील सर्व प्रवाशांनी तो कुडकुडणारा चालक पाहिला होता. आपल्याकडे अशा तडजोडीला ‘जुगाड’ असे लाडके नाव मिळाले आहे. तारेने बांधले, चिंधी कोंबली, काम भागले! त्यात हुशारी असते, यात शंका नाही. पण जुगाड त्या दिवसापुरता असतो आणि त्या माणसाबरोबर जातो. शोध कागदावर उतरतो, पुन्हा पुन्हा तपासला जातो आणि परक्या माणसालाही जसाच्या तसा बनविता येतो. सुंडबॅकने आपली पहिली चेन फसल्यावर तिला ठिगळ लावले नाही; ती बाजूला ठेवून नवी मांडणी केली.

दुसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. आपल्या सुतारांनी, लोहारांनी, गवंड्यांनी किती युक्त्या शोधल्या असतील आणि त्या त्यांच्याबरोबर सरणावर गेल्या असतील! हळदीच्या वेळी आपण जिंकलो, ते कोणीतरी पूर्वी लिहून ठेवले होते म्हणून. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलाने काही नवे केले तर त्याची वही तारखांसह नीट ठेवावी. कल्पना खरोखरच मोलाची वाटली तर आधी अर्ज आणि मग प्रदर्शन हा क्रम पाळावा. आधी जाहीर झालेली वस्तू नवी ठरत नाही आणि बहुधा हक्क हातचा जातो. पेटंट कार्यालय मुंबईत आहे आणि जगभरची पेटंटे आता कोणालाही विनामूल्य वाचता येतात. सतरा वर्षांच्या मुलानेही जिलेटच्या पात्याची मूळ आकृती पाहावी. ती समजायला अवघड नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती संशोधकांना उद्देशून नाही. प्रत्येकाला काही शोध लागणार नाही. पण प्रत्येकाला कोणाच्या तरी पाठीशी उभे राहता येते. गावातील एखादा तरुण घराच्या मागच्या पडवीत काहीबाही खटपट करीत असतो. घरचे त्याला नोकरी बघ म्हणून बोलतात, शेजारी हसतात. त्याला शंभर पत्रे लिहिणारा वकील हवा असतो, धातू कठीण करून देणारा निकरसन हवा असतो, पडीक माळ देऊ करणारा पंतप्रतिनिधी हवा असतो. पहिल्या वर्षी एक्कावन्नच नग खपले तरी दुसऱ्या वर्षापर्यंत धीर धरणारे आप्त हवे असतात.

उद्या सकाळी मुलाच्या दप्तराची चेन अडकेल, तेव्हा ती ओढाताण करून तोडण्याआधी क्षणभर थांबावे. त्याला जवळ बसवून ते बारीक दात दाखवावेत, उंचवटा आणि खळगा दाखवावा आणि सांगावे की, पत्नीच्या दुःखातून सावरताना एका माणसाने हे घडवले, आणि दुसऱ्या एका माणसाने वीस वर्षे त्याची वाट पाहिली. मग त्यालाच विचारावे, “तुला यात काय सुधारावेसे वाटते?” तो जे उत्तर देईल, ते हसण्यावारी न नेता ऐकून घ्यावे. शंकर आबाजी भिसे यांचे खरे स्मारक तिथूनच उभे राहू लागेल.